बाबागाडी आणि बारा पायऱ्या

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘परदेशातले अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पण मी काही अभ्यासदौऱ्यावर गेले नव्हते. लेक लंडनला नोकरी करते. तिची बाळंतपणाची रजा संपली, पाळणाघराचे पैसे भरून पगारातलं फारसं काही उरेना, म्हणून २०२३ साली मी काही महिने नात सांभाळायला गेले. आपल्याकडच्या कितीतरी आज्या अशा जातात. कुणी विचारलं तर ‘लेकीकडे फिरायला गेले होते’ असंच सांगतात. मीही तसंच सांगत होते.

तर एक दिवस ठरवलं, आज खरंच फिरायचं. नात दीड वर्षाची. बाबागाडी, डायपर, मऊ भाताचा डबा, दोन जोड कपडे घेतले आणि निघालो दोघी.

तिथली भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली, जगातली पहिली. आम्ही उतरलो तिथे सरकता जिना होता, पण तो संपल्यावर बारा साध्या पायऱ्या. मी मोजल्या, कारण खाली उभं राहून दुसरं काही करता येत नव्हतं. आजही तिथल्या साधारण एक तृतीयांश स्थानकांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येतं. नात कडेवर, गाडी दुसऱ्या हातात, खांद्यावर पिशवी. माणसं बाजूनं भराभरा जात होती. शेवटी झाडू मारणाऱ्या एका बाईनं झाडू भिंतीला टेकवला आणि गाडीचं पुढचं टोक धरलं. आमची भाषा जुळेना. वर आल्यावर तिनं हातानं तीन उंच्या दाखवल्या. तिला तीन मुलं असावीत. कुठं होती ती त्या वेळी, कुणाजवळ, हे विचारायला मला शब्द नव्हते.

मग बस घेतली. बस मात्र बरी. खाली वाकते, मधल्या दारापाशी बाबागाडीला जागा असते. पण ती जागा मुळात चाकाच्या खुर्चीवाल्यांची. असा एक प्रवासी आला तर गाडी मिटवायची. झोपलेलं मूल गाडीत आहे म्हणून एक आई हलली नाही आणि खुर्चीवाल्याला बस सोडावी लागली, हा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१७ साली निकाल लागला की चालकानं नुसती विनंती करून थांबू नये. निकाल मला पटतो. तरी वाटतं, दोन अडलेल्या माणसांना एकाच कोपऱ्यासाठी भांडायला लावायचं आणि उरलेल्या बसनं खिडकीबाहेर बघायचं, ही रीत आपल्या फार ओळखीची आहे.

पार्लमेंट चौकात स्त्रीचा पहिला पुतळा बसायला २०१८ साल उजाडलं. मताच्या हक्कासाठी लढलेल्या मिलिसेंट फॉसेट. तो पाहायचा म्हणून मी निघाले होते. पण चौक आला तेव्हा नात डोळे मिटत होती. उतरले नाही. खिडकीतून पाठ तेवढी दिसली.

दुपारी ब्लूम्सबरीत पोचलो. १७३९ साली थॉमस कोरम या माणसाला टाकलेल्या मुलांसाठी संस्था काढायची सनद मिळाली होती. आता तिथे संग्रहालय आहे. आया मूल सोडताना खूण ठेवत. एखादं नाणं, अंगठी, कापडाचा तुकडा. पुढे कधी मूल परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून. मुलाचं नाव संस्था बदलत असे. जागा थोडी आणि आया जास्त झाल्यावर चिठ्ठ्यांसारखे रंगीत गोळे पिशवीतून काढायला लावत. पांढरा आला तर मूल तपासून घेत, काळा आला तर परत. पहिल्या वीस वर्षांत १६,०००हून अधिक मुलं आली, त्यांतली सुमारे १५०च आयांनी परत नेली. नात काचेवर हात आपटत होती, मी तिचा हात धरून उभी होते. १८६३ सालीच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथे विधवांना येऊन गुपचूप बाळंत होता येई. गोळे काढायला कुणी लावत नव्हतं.

शेजारीच जुन्या संस्थेची सात एकर जागा आहे. तिथे इमारती उठायच्या होत्या, लोकांनी खटपट करून वाचवली. आता मुलांचं मैदान आहे आणि फाटकावर नियम लिहिलाय: बरोबर मूल नसेल तर मोठ्या माणसाला प्रवेश नाही. मी हसले. दिवसभर जिच्यामुळे अडले, तिच्यामुळे एका दारातून आत गेले.

नात वाळूत बसली आणि मी बाकावर. तेव्हा मला १९९४ सालची आपली एक बैठक आठवली. रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर मिळालंच पाहिजे, या मागणीसाठी मोर्चा ठरवत होतो. वस्तीतली एकजण मुलाला घेऊन आली होती. मूल रडायला लागलं. मीच म्हणाले, “जरा बाहेर घेऊन जातेस का?” ती गेली. पुढच्या बैठकीला आली नाही, नंतरही नाही. ‘टिकली नाही’ असं मी वहीत लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

परत आल्यावर तिचं घर शोधलं. तिला बैठक आठवत होती, मी काय म्हणाले तेही. म्हणाली, “यायला काय ताई, येईन. पण सून कामावर जाते, नातू माझ्याकडंच असतो दिवसभर.” मी म्हटलं, त्यालाही घेऊन ये.

आज ती आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. शेजारच्या खोलीत आपण सतरंजी टाकून दोघीजणींना बसवलं आहे. त्या दोघींना दिवसाची मजुरी द्यायची आहे, जाताना डब्यात पैसे टाका. मघापासून जो रडण्याचा आवाज येतोय, तो तिच्या नातवाचा. मी दोन मिनिटं थांबते, तिला जाऊन बघून येऊ द्या.