कॅबिनेटचा निर्णय आणि कार्यकारी परिषदेची मोहोर

ऑस्ट्रेलियाची राज्यघटना 1 जानेवारी 1901 रोजी अमलात आली. तिच्या कलम 62 ने गव्हर्नर-जनरलना राज्यकारभारात सल्ला देण्यासाठी संघीय कार्यकारी परिषद स्थापन केली. पंतप्रधान आणि कॅबिनेट यांचा या घटनेत उल्लेखही नाही. व्यवहारात धोरण कॅबिनेटमध्ये ठरते. मात्र जिथे कायद्याला परिषदेच्या सल्ल्याने केलेला आदेश लागतो, तिथे कॅबिनेटचा ठराव पुरेसा होत नाही. नियम, उद्घोषणा, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुका ही सारी कामे परिषदेपुढे यावी लागतात.

कलम 64 नुसार प्रत्येक मंत्री परिषदेचा सदस्य असतो. तीन महिन्यांत तो संसदेच्या एखाद्या सभागृहाचा सदस्य झाला नाही, तर त्याचे मंत्रिपद जाते. त्यामुळे सल्ला देणारे सगळे संसदेला जबाबदार असतात. सदस्यत्व सहसा तहहयात राहते. बैठकीचे बोलावणे मात्र सत्तेवरील मंत्र्यांनाच जाते.

बैठका साधारण पंधरवड्याने, बहुधा कॅनबेरातील गव्हर्नमेंट हाऊसमध्ये होतात. अध्यक्षस्थानी गव्हर्नर-जनरल आणि समोर दोन मंत्री असले की गणपूर्ती होते. प्रत्येक प्रस्तावावर संबंधित मंत्र्याची सही असते. सोबतच्या टिपणात आदेशाची गरज आणि त्याचा कायदेशीर आधार दिलेला असतो. गव्हर्नर-जनरल शंका विचारू शकतात, अधिक माहिती मागवू शकतात; एरवी सल्ला मान्य करण्याचीच प्रथा आहे. ते नसतील तेव्हा परिषदेचे उपाध्यक्ष असलेले मंत्री बैठक चालवतात.

या कागदपत्रांचे मोल 1974 च्या कर्जप्रकरणात दिसले. 13 डिसेंबरला पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या निवासस्थानी, गव्हर्नर-जनरल सर जॉन कर यांच्या अनुपस्थितीत बैठक झाली. मंत्री रेक्स कॉनर यांना 4 अब्ज डॉलरचे परदेशी कर्ज उभारण्याचा अधिकार मिळाला. कर यांनी नंतर सही केली. पुढे हा अधिकार काढून घेण्यात आला. तरीही कॉनर यांच्या वाटाघाटी चालूच असल्याचे उघड झाले आणि ऑक्टोबर 1975 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. अधिकार कधी दिला आणि कधी काढला, हे लेखी असल्यामुळेच संसदेला जाब विचारता आला.

ठरलेल्या निर्णयांवर शिक्का मारणारी संस्था म्हणून परिषदेला गौण मानणे चूक आहे. सरकारने कोणती सत्ता, कोणत्या कायद्याने आणि कोणाच्या सल्ल्याने वापरली, याचा पुरावा तिच्याच दप्तरात राहतो.