मनातला संशय आणि कायद्याचा दंडा
(सोलापूर येथील बैठकीतील भाषण)



आपल्या बैठकांत एक प्रश्न निघतो. आदिवासी म्हंजे रानटी, पारधी म्हंजे चोर, असं जो मनात धरून बसलाय त्याला कायद्यानं शिक्षा द्यावी का? की त्यानं काही केलं तरच द्यावी?

उत्तर या सोलापुरातच आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी जन्मले की गुन्हेगार! इथं सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. काय केलं हे कुणी विचारलं नाही, कोण आहेस एवढंच पाहिलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. लोकांच्या मनातला संशय तसाच राहिला.

१ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला गेले. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. जमावानं पाचही जणांना ठार मारलं. तो पाडा आदिवासींचा. हे झाकून चालणार नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, नुसत्या मनावर कायदा नको. मनात काय आहे हे ठरवणार फौजदार, आणि तो आधी आपल्याच दारात येणार. पण तोच संशय चारचौघांत शिवी झाला, अफवा झाला, हात उठला, तर ती करणी झाली. तिथं शिक्षा हवीच. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्याला लोकांसमोर मुद्दाम केलेल्या अपमानापासूनही संरक्षण देतो. डवरी गोसावी भटक्यांच्या यादीत, त्यांना तो लागू नाही. त्यांनाही असं संरक्षण मिळावं, ही मागणी आपण उचलली पाहिजे.

मन बदलायचं काम ग्रामसभेचं. पाड्यावर अनोळखी माणूस आला तर आधी पाणी द्या, नाव-गाव विचारा. शंका वाटली तर पोलीस पाटलाला बोलवा. हात उचलायचा नाही.

आणि साहेबानं 'हे अतिक्रमणवाले' म्हणून वनहक्काचा दावा फेटाळला, तर कारण लेखी मागा. साठ दिवसांत अपील करा. साहेबाच्या मनाशी भांडता येत नाही, त्याच्या सहीशी येतं.

जिंदाबाद!