पट्टीचा रंग कोण वाचणार?

हर्नडनहून बोलतोय. आजचा विषय ऐकायला प्रयोगशाळेतला वाटेल, पण तो तुमच्या औषधांच्या कपाटात आणि तिकडे आई-बाबांच्या घरी कधीच येऊन बसलाय. शरीरातल्या एखाद्या बदलाला प्रतिसाद देऊन रंग बदलणाऱ्या पट्ट्या, कार्डं आणि चिकटपट्ट्या यांच्याविषयी आज बोलू या.

रंग बदलण्यातलं विज्ञान आपल्याला नवं नाही. हळदीचा डाग पडलेला सदरा साबणाच्या पाण्यात बुडवला की डाग आधी तांबडा होतो. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकू होतं. हळदीतलं रंगद्रव्य अल्कलीत लाल होतं, एवढंच त्याचं कारण. यंत्र नाही, वीज नाही, आकडा नाही. तरी तो डाग आपल्याला सांगतो की इथे अल्कली आहे. रंग बदलणारा प्रत्येक संवेदक याच तत्त्वावर चालतो. फक्त अल्कलीच्या जागी साखर असते, प्रथिन असतं किंवा एखाद्या विषाणूचा अंश असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण रंगाचा आकडा कसा होतो आणि त्या वाटेवर गफलत कुठे होते, हा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीत मधुमेह तपासायचा तर दवाखान्यात परीक्षानळीत लघवी घ्यायची, त्यात बेनेडिक्टचं निळं द्रावण घालायचं आणि तापवायचं. निळं राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी अशी जितकी पुढची छटा, तितकी साखर जास्त. मग अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी माइल्स कंपनीच्या प्रयोगशाळेत हेलन फ्री आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याने हा सगळा प्रयोग कागदाच्या एका पट्टीवर आणला. १९५६ साली त्यांची क्लिनिस्टिक्स ही पट्टी बाजारात आली. पट्टीवरच्या एका विकरामुळे साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि दुसऱ्या विकराच्या मदतीने ते रंगद्रव्याचा रंग बदलतं. शेगडी गेली, नळी गेली. बुडवा आणि वाचा. पुढे एकाच पट्टीवर दहा-दहा चौकोन आले: साखर, प्रथिनं, कीटोन, रक्त, जंतुसंसर्गाच्या खुणा. आज इथल्या कुठल्याही औषधांच्या दुकानात अशी बाटली मिळते.

एमबीएच्या वर्गात ही गोष्ट ‘खर्च कमी केला की बाजार वाढतो’ या धड्याखाली शिकवता येईल. पण माझ्या मते खरी मेख वेगळी आहे. पट्टीने रसायनशाळा स्वस्त केली. वाचणारा माणूस मात्र स्वस्त झाला नाही, कारण रंग कुणीतरी वाचावा लागतो.

वाचताना काय काय होतं ते बघा. दहा चौकोनांची वेळ वेगवेगळी असते. नेहमीच्या एका पट्टीवर साखर तीस सेकंदांनी वाचायची आणि पांढऱ्या पेशींचा चौकोन दोन मिनिटांनी. पाच मिनिटांनी पाहिलं तर रंग आणखी गडद झालेला असतो. न्हाणीघरातला पिवळा दिवा आणि खिडकीतला उजेड यांत तोच चौकोन वेगळा दिसतो. आणि डोळे? युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारामागे एकाला लाल-हिरव्याचा फरक नीट कळत नाही. आपल्याकडे हे प्रमाण थोडं कमी असलं तरी नगण्य नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदू येतो, आणि निळा-हिरवा ओळखणं अवघड होतं. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला तरीही रंगांची ओळख मंदावते. म्हणजे पट्टी वाचायची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांचेच डोळे त्या कामात कमी पडतात. सत्तरीतल्या बाबांना ‘हिरवा आहे की पोपटी?’ असं फोनवर विचारून पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

यावर काही चांगले तोडगे निघालेत आणि त्यांतला एक भारतातल्या लाखो आरोग्यसेविकांनी वापरलाय. पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक छोटा गोल असतो आणि त्यात एक चौकोन. लस जितकी उष्णतेत राहील, तितका आतला चौकोन गडद होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस द्यायची, गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर टाकून द्यायची. ही खूण १९९६ पासून पोलिओच्या लसीवर येऊ लागली. यात शरीर मोजलं जात नाही, लस मोजली जाते, पण धडा आपल्या कामाचा आहे. सेविकेला रंगाचं नाव सांगावं लागत नाही, आकडा काढावा लागत नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन छटांत गडद कोणती, एवढंच पाहायचं. उजेड बदलला तर दोन्हींवर सारखाच बदलतो. भारतात २०११ च्या जानेवारीनंतर पोलिओच्या मूळ (वाइल्ड) विषाणूचा रुग्ण आढळला नाही. त्या मोठ्या कामात या टिकलीएवढ्या खुणेचाही वाटा आहे.

दुसरा तोडगा कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी हाताळला. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविसेल्फ या घरगुती चाचणीला मे २०२१ मध्ये आयसीएमआरने मान्यता दिली. भारतातली ती पहिली घरी करायची कोविड चाचणी, किंमत अडीचशे रुपये. अशा कार्डावर दोन जागा असतात. ‘टी’ची रेघ विषाणूबद्दल सांगते आणि ‘सी’ची रेघ चाचणी नीट चालली की नाही ते सांगते. ‘सी’ उमटली नाही तर निकाल ग्राह्य धरायचाच नाही. स्वतः नापास झाल्याचं स्वतःच सांगणारं साधन, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आमच्या क्षेत्रात असं सॉफ्टवेअर मिळालं तर आम्ही पेढे वाटू.

पण ज्यांना रेघ दिसतच नाही त्यांचं काय? अमेरिकेत अंध व्यक्तींनी आणि त्यांच्या संस्थांनी हा प्रश्न लावून धरला, आणि जून २०२२ मध्ये सरकारने फोनला जोडून निकाल वाचून दाखवणाऱ्या चाचण्या मोफत पाठवायला सुरुवात केली. रंग हे साधन सोपं आहे, पण सगळ्यांसाठी सोपं नाही, हे तेव्हा सरकारी पातळीवर मान्य झालं.

इथे फोनचा विषय निघतो, आणि मला ज्या गोष्टीसाठी आज बोलायचं होतं ती हीच. डोळ्यांऐवजी कॅमेऱ्याने पट्टी वाचली तर? हा विचार सर्वांत आधी करणाऱ्यांत मुंबईची एक लहान कंपनी होती: बायोसेन्स टेक्नॉलॉजीज. डॉ. अभिषेक सेन, डॉ. योगेश पाटील, मिष्किन इंगवले आणि त्यांचे सहकारी. मुंबईजवळच्या पारोळ गावाच्या भेटीत गर्भवतींमधला रक्तक्षय किती सहज नजरेतून निसटतो हे कळलं, आणि त्यातून सुई न टोचता बोटातून प्रकाश पाठवून हिमोग्लोबिन मोजणारं यंत्र सुचलं, असं इंगवले यांनी सांगितलंय. रक्ताचा लालपणा मोजणं हाही रंगच वाचणं की. त्यानंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये टेडच्या मंचावर त्यांनी युचेक हे अ‍ॅप दाखवलं. लघवीची नेहमीची पट्टी एका रंगीत चटईवर ठेवायची आणि फोनने फोटो काढायचा. चटईवरचे ठरलेले रंग पाहून अ‍ॅप उजेडातला फरक दुरुस्त करतं आणि निकाल देतं.

मे २०१३ मध्ये त्यांना अमेरिकेच्या एफडीएचं पत्र आलं. हे एफडीए म्हणजे इथून बेल्टवेने वळसा घालून मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगला बसलेलं कार्यालय. पत्रातला मुद्दा असा: तुम्ही ज्या पट्ट्या वापरता त्यांना आमची मान्यता आहे, पण ती माणसाने डोळ्यांनी वाचण्यासाठी. फोनने वाचायच्या म्हटलं की फोन आणि पट्टी मिळून पट्टी वाचणारं स्वयंचलित यंत्र होतं, आणि त्याला वेगळी मान्यता लागते. ती तुमच्याकडे आहे का?

तेव्हा बऱ्याच जणांना हा लाल फितीचा प्रकार वाटला. स्वस्तात लोकांच्या हाती काही द्यायला जावं तर सरकार आडवं येतं, अशी आपली प्रतिक्रिया होतेच. पण मला तो प्रश्न रास्त वाटतो. पट्टी तीच, रंग तोच, पण वाचणारा बदलला की चुकाही बदलतात आणि त्या चुकांचा जबाबदार माणूसही बदलतो. फोनचा कॅमेरा फोटो सुंदर दिसावा म्हणून रंग स्वतःहून बदलतो. त्वचा उजळ करतो, पांढरं अधिक पांढरं करतो. दोन कंपन्यांचे फोन एकाच चौकोनाला वेगळं रंगवतात. हे सगळं सावरूनही निकाल बरोबर येतो, हे करणाऱ्याने सिद्ध करून दाखवायला हवं. ते होऊ शकतं हेही पुढे दिसलं. २०१८ मध्ये हेल्दी डॉट आयओ या इस्रायली कंपनीच्या फोनवरच्या लघवी-चाचणीला एफडीएची मान्यता मिळाली. तिच्यातही पट्टी रंगीत कार्डावर ठेवायची असते. मुंबईत सुचलेल्या वाटेवर दुसरं कुणी आधी पोचलं, याची हळहळ वाटते. पण वाट योग्य होती आणि टोलनाकाही योग्य जागी होता.

आता हे आपल्या घरात आणू या. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा सहा महिने इथे आणि सहा महिने तिकडे असतात. इथे असताना प्रवासी विम्यात जुने आजार बहुधा धरत नाहीत, म्हणून ते डॉक्टरकडे जायचं टाळतात. तिकडे असताना पट्टीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो: ‘बघ रे, हा रंग बरा आहे ना?’ मंडळी, तो फोटो म्हणजे एफडीएने ज्यावर बोट ठेवलं तेच यंत्र आहे, फक्त त्यात रंगीत चटईही नाही. त्यांच्या दिव्याखालचा, त्यांच्या फोनने रंगवलेला, व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेला आणि आपल्या पडद्याने पुन्हा रंगवलेला चौकोन पाहून आपण ‘ठीक आहे’ म्हणतो. त्या ‘ठीक आहे’वर ते पुढचा महिना काढतात.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. बाटलीची मुदत पाहा आणि झाकण लगेच लावा, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर लवकरच. वेळ घड्याळ लावून मोजा. दिवसा खिडकीपाशी वाचा. पट्टी बाटलीवरच्या रंगतक्त्याला लावून तिथल्या तिथे, शक्यतो घरातल्या तरुण डोळ्यांनी वाचा आणि वहीत तारीख घालून लिहा. फोटो पाठवायचाच तर तक्त्यासकट पाठवा.

निकालाचा अर्थही जपून लावा. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मगच ती लघवीत उतरते. त्यामुळे लघवीच्या पट्टीवर साखर नसणं म्हणजे मधुमेह नसणं नव्हे. उलट, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मुद्दामच लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्या चालू असतील तर पट्टी गडद होणारच, घाबरून जाऊ नका. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्या तर साखर असूनही पट्टी फिकी राहू शकते. औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून हे विचारून घ्या.

येत्या काळात अशी साधनं वाढत जाणार. खेळाडूंच्या हातावर लावायची घामाची चिकटपट्टी २०२१ मध्ये इथे बाजारात आली. घाम जसा भरतो तसा तिच्यातला रंग सरकतो आणि फोन तो वाचतो. एमआयटी आणि हार्वर्डच्या मंडळींनी २०१७ मध्ये साखरेनुसार रंग बदलणारी गोंदणाची शाई डुकराच्या कातडीवर करून दाखवली. आपल्या आज्यांच्या हातावरचं गोंदण उद्या साखर सांगेल, ही कल्पना मला फार आवडते. पण तेव्हाही विचारायचंच: गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर ते तपासलंय का? बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबाबत हा प्रश्न उशिरा विचारला गेला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राने तो पुरेसा दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं.

म्हणून घरात असं कुठलंही नवं साधन आलं की तीन प्रश्न विचारा. हे बिघडलं तर मला कळेल का? ज्याच्यासाठी घेतलं त्याला ते स्वतः वाचता येईल का? आणि वाचलेलं चुकलं तर जबाबदार कोण? तिन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल घ्या. नाही मिळाली तर तेच पैसे आई-बाबांच्या गावातल्या चांगल्या प्रयोगशाळेत, घरी येऊन रक्त घेणाऱ्या माणसावर खर्च करा. येत्या रविवारी फोन कराल तेव्हा ‘तब्येत कशी आहे’ हे विचाराच, पण त्याबरोबर ‘पट्टीची बाटली कधी संपतेय, मुदत काय लिहिलीय’ हेही वाचून घ्या.