हिशेबनीस व्हायचे, पण कोणत्या वाटेने?



बारावीचा निकाल लागला की घरातली मंडळी ओसरीवर बसतात, आणि पोराला आकडेमोड बरी जमते एवढ्याच भांडवलावर ठरवून टाकतात : याला सी.ए. करायचा. शेजारच्या गावचा कोणी तरी सी.ए. झालेला असतो, त्याने शहरात जागा घेतलेली असते, त्याचे नाव निघते. मग क्लासची फी भरली जाते, खोली भाड्याने घेतली जाते. दोन-तीन वर्षांनी तोच मुलगा खालमानेने घरी परत येतो, आणि लोक म्हणतात, "याला काही हिशेब जमला नाही बुवा." मला हे पटत नाही. हिशेब त्याला जमत असतो. चुकलेली असते ती वाट. आणि वाट चुकते, कारण आपण कशासाठी निघालो आहोत हे आधी कोणी विचारलेलेच नसते.

पाहा, हिशेबाच्या धंद्यात दोन निराळी माणसे असतात. एक वही लिहिणारा आणि दुसरा वही तपासून खाली सही करणारा. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे सगळे पहिला माणूस करतो. किराणा दुकानात, खताच्या डेपोत, छोट्या कारखान्यात वही लिहायला अमुकच परीक्षा हवी असे कोणताही कायदा म्हणत नाही. दुसऱ्याचे मात्र तसे नाही. त्याच्या सहीवर विसंबून बँक कर्ज देते, सरकार कर ठरवते, सभासद आपली ठेव ठेवतात. म्हणून ती सही कोणी करायची हे कायद्याने ठरवलेले आहे. तेव्हा मुलाला पहिला प्रश्न हा विचारा : तुला वही लिहायची आहे की सही करायची आहे? आणि सही करायची तर कोणत्या वहीवर?

कंपनीच्या वहीवर सही करायची असेल, तर सनदी लेखापाल, म्हणजे सी.ए., याला पर्याय नाही. आपल्या मुलखात ही गोष्ट जुनी आहे. 1918 साली मुंबई सरकारने हिशेबाची सरकारी पदविका सुरू केली; ती परीक्षा आणि तीन वर्षांची उमेदवारी झाली की हिशेबतपासनीस म्हणून काम करता येई. पुढे 1949 च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था निघाली, आणि आजही परीक्षा ती संस्थाच घेते.

बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग दोन वर्षे एखाद्या सी.ए.च्या हाताखाली उमेदवारी, मग फायनल. पूर्वी उमेदवारी तीन वर्षांची होती. 2023 च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. सगळे पहिल्या फटक्यात पास झाले तर चारेक वर्षांत काम होते. पण पहिल्या फटक्यात सगळे पास होणारे थोडे, बरं का. इंटरमीजिएटला आणि फायनलला नुसते प्रत्येक विषयात शेकडा 40 मिळवून भागत नाही, ग्रुपची सरासरीही 50 यावी लागते. म्हणून घरच्यांनी चार नव्हे, सहा-सात वर्षांची तयारी धरावी. उमेदवारीत विद्यावेतन मिळते, पण त्यात शहरातली खोली आणि खाणावळ भागेल असे समजू नये.

आणखी एक गोष्ट गुरुजींनी मुलांना अकरावीतच सांगावी. ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. मराठी शाळेतला हुशार मुलगा पुष्कळदा हिशेबात अडत नाही, कायद्याच्या पेपरात अडतो. रोज अर्धा तास कायद्याचे एक पान इंग्रजीत वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायची सवय लावली, तर दोन वर्षांत फरक पडतो. आणि बारावीला घाई करायलाच हवी असेही नाही. आधी बी.कॉम. करून त्यात शेकडा 55 गुण मिळवले तर फाउंडेशन द्यावी लागत नाही, सरळ इंटरमीजिएटला नाव घालता येते. दुसऱ्या शाखेच्या पदवीधराला 60 लागतात. ज्या घरात पैशाची ओढाताण आहे तिथे ही वाट मला अधिक शहाणपणाची वाटते. मुलगा मागे फिरला तरी हातात पदवी राहते.

आता खेड्यातल्या माणसाला ज्या वहीचे सर्वांत जवळचे काम असते तिच्याकडे येऊ. गावची विकास सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था यांच्या वह्या तपासण्यासाठी सी.ए. चालतोच, पण आपल्या राज्याच्या सहकारी कायद्याने आणखी एक दार उघडे ठेवले आहे, आणि ते फार थोड्या मुलांना ठाऊक असते. त्याचे नाव जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार व लेखा यांची शासकीय पदविका. परीक्षा सहकार खाते घेते, साधारणपणे वर्षातून एकदा, मे महिन्यात. कोणत्याही शाखेची पदवी चालते. सहा पेपर असतात : हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व व्यवस्थापन, सहकारी व इतर कायदे, बँका व पतसंस्था, आणि गृहनिर्माण, खरेदी-विक्री वगैरे संस्था. उत्तरे मराठीत लिहिता येतात. नोकरी करून, शेती सांभाळून, घरी बसून अभ्यास होतो. शाळेतल्या एखाद्या तरुण लेखनिकालाही तो करता येईल.

मात्र परीक्षा झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी सहीचा अधिकार मिळाला असे नाही. सहकारी संस्थांच्या तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि मग शासनाच्या नामिकेत नाव यावे लागते. कायद्यात एक गमतीची अट आहे : तपासणाऱ्याला मराठीचे कामापुरते ज्ञान हवे. सी.ए.लाही ती अट चुकत नाही. आपल्या मुलांची जी अडचण तिथे होती, तीच इथे त्यांच्या पदरात पडते!

पण या कामाचे ओझेही सांगितले पाहिजे. वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत तपासणी पुरी व्हावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. पतसंस्थेत दोनशे कर्जखाती असली तर नुसत्या बेरजा जुळवून चालत नाही. तारण आहे का, जामीनदाराची सही खरी आहे का, थकलेल्या कर्जावरचे व्याज उत्पन्नात धरून नफा फुगवला आहे का, हे पाहावे लागते. आणि अपहार सापडला तर? तर निबंधकाकडे खास अहवाल द्यायचा, आणि त्याच्या परवानगीने पोलिसांत फिर्याद नोंदवायची, हे काम कायद्याने लेखापरीक्षकावरच टाकले आहे. संस्थेचा अध्यक्ष आपल्याच पंचक्रोशीतला, कधी आपल्याच भावकीतला. चहा पाजून, "जाऊ द्या हो, पुढच्या साली भरून टाकू," असे म्हणणारा. त्या वेळी पेन खाली ठेवायचे की सही करायची? ठेवीदार विधवा बाई ताळेबंद वाचत नाही, तिने या सहीवर विश्वास ठेवलेला असतो. ज्या मुलाला गावात राहून हे निभावता येणार नाही असे वाटते, त्याने परीक्षा जरूर द्यावी, पण काम दुसऱ्या तालुक्यात शोधावे. यात कमीपणा नाही.

तिसरी वाट परिव्यय लेखापालाची, म्हणजे कॉस्ट अकौंटंटची. साखर कारखान्याच्या परिसरातल्या श्रोत्यांना हे चटकन समजेल. एक टन ऊस गाळला की साखर निघते, मळी निघते, बगॅस निघतो. मग साखरेच्या एका पोत्याला खर्च किती पडला? मळी विकून आलेला पैसा कुठे वजा घालायचा? बगॅस जाळून तयार झालेल्या विजेची किंमत कोणी कोणाकडून घ्यायची? हे विचारणारी ही विद्या आहे. तिची संस्था निराळी, मुख्य कचेरी कोलकात्याला. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, पदवीधराला फाउंडेशन माफ आहे, उमेदवारी 15 महिन्यांची. यंत्रांत आणि कारखान्यांत ज्याला रस आहे त्याने ही वाट अवश्य पाहावी.

ज्याला नुसती वही लिहायची आहे त्याला कमी लेखू नका. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला, आणि लहानशा व्यापाऱ्यालाही दर महिन्याला किंवा तिमाहीला विवरणपत्र भरणे आले. चांगला बी.कॉम., संगणकावर हिशेब करता येणारा आणि तारखा न चुकवणारा माणूस तालुक्याच्या गावी उपाशी राहत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे बी.कॉम. मराठीत, घरी बसून करता येते. परदेशी हिशेब परीक्षांच्याही जाहिराती हल्ली येतात. बाहेरदेशी किंवा परदेशी कंपन्यांच्या कचेरीत काम करायचे तर त्या उपयोगी आहेत. पण त्यांच्या जोरावर इथल्या कंपनीच्या लेखापरीक्षणावर सही करता येत नाही, एवढे फी भरण्यापूर्वी माहीत असावे.

शेवटी गुरुजींना एक सुचवतो. आपल्या गावच्या सोसायटीचा छापील वार्षिक अहवाल मागून आणा आणि वर्गात त्यातला ताळेबंद फळ्यावर उतरवा. "येणे" या सदरात काय काय आहे, ते खरेच येणार आहे का, असे मुलांना विचारा. कोणी कंटाळेल, कोणी आकडे बिनचूक उतरवून घेईल, आणि एखादी मुलगी हात वर करून म्हणेल, "गुरुजी, हे कर्ज तर मागच्या सालीही एवढेच होते." तिच्या वडिलांना दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावून घ्या.