निरपेक्ष सौंदर्य : एक तात्त्विक चिंतन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त थेरगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव म्हटला की संस्थेच्या कार्याचा आढावा, दात्यांचे ऋणनिर्देश आणि भावी संकल्प हे ओघानेच येते. ते काम अधिकारी व्यक्तींनी केले आहे. माझ्या वाट्याला संयोजकांनी विषय दिला तो मात्र ‘निरपेक्ष सौंदर्य’ हा. प्रथमदर्शनी तो या व्यासपीठावर काहीसा परका वाटेल. ज्या धर्माचे आदर्श वीतराग आहेत, त्या धर्माचा सौंदर्याशी संबंध काय, असे कोणी विचारल्यास त्यात नवल नाही. परंतु थोडा खोलवर विचार केला तर हा प्रश्न आपल्या आचार्यांनीही विचारलेला दिसतो आणि त्यांनी दिलेले उत्तर आपल्या दैनंदिन जीवनापर्यंत येऊन भिडते.

प्रथम प्रश्न स्पष्ट करून घेऊ. एखादे फूल, एखादा चेहरा, एखादी इमारत आपल्याला सुंदर वाटते, दुसऱ्याला वाटत नाही. आज वाटते, उद्या वाटत नाही. हे सापेक्ष सौंदर्य होय. मग जे कोणाच्या आवडीनिवडीवर, काळावर किंवा तुलनेवर अवलंबून नाही असे सौंदर्य असू शकते काय? ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने आपल्या ‘सिंपोझियम’ या संवादग्रंथात एक सोपानपरंपरा सांगितली आहे. माणूस एका सुंदर देहापासून आरंभ करतो, मग सर्व देहांतील सौंदर्य ओळखतो, तेथून सदाचरणाच्या आणि ज्ञानाच्या सौंदर्याकडे जातो आणि शेवटी ज्याला वृद्धी नाही व क्षय नाही अशा केवल सौंदर्यापाशी पोहोचतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1790 मध्ये वेगळ्या दिशेने विचार केला. वस्तू आपल्याला मिळावी, तिचा उपयोग व्हावा, अशी कोणतीही इच्छा ज्या आनंदात मिसळलेली नसते, तोच शुद्ध सौंदर्याचा आनंद, असे त्याने प्रतिपादन केले. आपल्या मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांतून सौंदर्याचा शोध घेतला, तर रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या 1974 च्या ग्रंथात कांटच्या विचारांची सखोल चिकित्सा केली.

आता जैन दर्शनाच्या अभ्यासकापुढे येथे एक मोठी अडचण उभी राहते. आपल्या न्यायशास्त्रात ‘निरपेक्ष’ हा शब्द दूषण म्हणून येतो. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त एकमेकांची अपेक्षा न ठेवणाऱ्या नयांना मिथ्या ठरविले आहे. मग अनेकांतवाद्याने निरपेक्ष सौंदर्याची भाषा कशी करावी? याचे उत्तर असे की, सापेक्ष असते ते आपले कथन. वस्तू मात्र कोणी काही बोलण्याची वाट पाहत नाही; ती स्वतःच्या स्वभावाने असतेच. म्हणून ‘हे सुंदर आहे’ हे आपले विधान नेहमीच सापेक्ष राहील. परंतु वस्तूचे स्वतःमध्ये पूर्ण असणे सापेक्ष नाही. शिवाय आपल्या मराठी भाषेने या शब्दात आणखी एक अर्थ साठवून ठेवला आहे. ‘त्याने निरपेक्ष सेवा केली’ असे आपण म्हणतो, तेव्हा निरपेक्ष म्हणजे काहीही न मागणारी. हे दोन अर्थ एकत्र कसे येतात, तेच मला आज सांगायचे आहे.

त्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतील : पदार्थ, देह आणि आत्मा.

पहिली पायरी पदार्थाची. ज्ञाताधर्मकथांग या सहाव्या अंगसूत्राच्या बाराव्या अध्ययनात चंपानगरीचा राजा जितशत्रू आणि त्याचा मंत्री सुबुद्धी यांची कथा आहे. राजाने एकदा उत्तम भोजनाची प्रशंसा केली. सर्वांनी माना डोलावल्या. सुबुद्धी मात्र स्तब्ध राहिला. पुढे नगराबाहेरच्या खंदकातील कुजक्या पाण्याजवळून जाताना राजाने नाकावर वस्त्र धरले, सर्वांनी त्याचीच री ओढली. सुबुद्धी तेव्हाही तसाच शांत. त्याचे म्हणणे एवढेच की, पुद्गलाचे परिणमन होत असते. मनोज्ञ ते अमनोज्ञ होते आणि अमनोज्ञ ते मनोज्ञ. राजाला ते पटले नाही. सुबुद्धीने वाद घातला नाही. त्याने त्याच खंदकाचे पाणी आणवून नव्या घड्यांत गाळले, त्यात क्षार घातला, सात दिवस ठेवले, पुन्हा गाळले. असे सात वेळा केले. ते स्वच्छ, मधुर पाणी राजाच्या पानात आले तेव्हा राजाने त्याची मनापासून प्रशंसा केली आणि मग ते कोठले आहे हे त्याला कळले. तरीही त्याचा विश्वास बसेना. आपल्या माणसांकरवी त्याने तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा कोठे सत्य त्याच्या गळी उतरले.

ही कथा थेरगावात सांगताना पवनामाईची आठवण झाल्यावाचून कशी राहील? केजूदेवीच्या बंधाऱ्याजवळ गेल्या काही वर्षांत अनेकदा नदीवर पांढऱ्याशुभ्र फेसाचे थर तरंगताना लोकांनी पाहिले आहेत. दुरून पाहणाऱ्याला तो कापसासारखा, हिमासारखा भासतो. छायाचित्रात तर तो मोहक दिसतो. उन्हाळ्यात पसरणाऱ्या जलपर्णीचा गालिचाही हिरवागार असतो. पण हे देखणेपण म्हणजे सांडपाण्याने आजारी पडलेल्या नदीचे लक्षण आहे. चंपानगरीत कुरूपाच्या पोटी सुंदर दडलेले होते. आपल्या नदीवर सुंदराच्या पोटी कुरूप दडले आहे. दोन्हींचा बोध एकच : वर्ण, गंध, रस, स्पर्श हे पुद्गलाचे गुण आहेत आणि त्यांचे पर्याय बदलते आहेत. त्यांच्यावर आधारलेले सौंदर्य खोटे नाही, पण ते टिकणारे नाही. सुबुद्धीची थोरवी तो उदासीन होता यात नाही. त्याच्या दृष्टीवर आवडीनिवडीचे पटल नव्हते, म्हणूनच घाण पाण्यातील शुद्धतेची शक्यता त्याला दिसली, आणि ती प्रकट करण्यासाठी एकोणपन्नास दिवस खपण्याचे धैर्यही त्याच्यापाशी होते.

दुसरी पायरी देहाची. येथे आपले कर्मसिद्धांतशास्त्र विलक्षण सूक्ष्म आहे. देहाची आकृती नामकर्माच्या उदयाने लाभते. समचतुरस्र, न्यग्रोधपरिमंडल, स्वाती, कुब्जक, वामन आणि हुंडक अशी सहा संस्थाने सांगितली आहेत. सर्व अवयव प्रमाणबद्ध असणे हे पहिले, सर्वच अवयव बेढब असणे हे शेवटचे. त्याच कर्माच्या प्रकृतींत ‘सुभग’ आणि ‘दुर्भग’ ह्या प्रकृती वेगळ्या मोजल्या आहेत. आचार्य पूज्यपाद ‘सर्वार्थसिद्धी’त स्पष्ट करतात की, रूपादी गुण असूनही ज्याच्या उदयाने मनुष्य इतरांना अप्रिय वाटतो, ते दुर्भग नामकर्म. म्हणजे रूप ही एक गोष्ट आणि लोकांना प्रिय वाटणे ही दुसरी. लोकांची पसंती हे सौंदर्याचे माप नव्हे, हे आपल्या आचार्यांनी कर्मप्रकृतींच्या गणनेतच नोंदवून ठेवले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नामकर्म हे अघाती कर्म आहे. आत्म्याच्या ज्ञान-दर्शनादी गुणांचा ते घात करीत नाही. तीर्थंकरांचा देह समचतुरस्रच असतो हे खरे, परंतु सामान्य केवलींच्या बाबतीत तेराव्या गुणस्थानात सहाही संस्थानांचा उदय संभवतो असे कर्मग्रंथ सांगतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्याच्याकडे पाहून जगाने तोंड फिरवावे अशा देहातही केवलज्ञान प्रकट होऊ शकते. तेथे विश्वातील सर्व पदार्थ सर्व पर्यायांसह प्रतिबिंबित होतात आणि बाहेर मात्र पाठीला कुबड असते! रूप आणि स्वरूप यांच्यातील अंतर याहून स्पष्ट शब्दांत कोणत्या दर्शनाने सांगितले असेल?

श्रोतेहो, येथे थोडे थांबून एक कटू गोष्ट बोलण्याची अनुमती घेतो. हे सर्व आपण स्वाध्यायात वाचतो आणि त्याच आठवड्यात वधू-वर परिचय पुस्तिका उघडतो. त्यात वर्णाचा रकाना असतो : गोरा, निमगोरा, सावळा. शिकलेल्या, कमावत्या, व्रतस्थ मुलीचे स्थळ त्या एका रकान्यावरून बाजूला सारले जाते. तिला कोणी कारण सांगत नाही. पण ते तिला कळते. आई-वडिलांनाही कळते. घरात त्या विषयावर कोणी बोलत नाही, एवढेच. अघाती कर्माच्या एका प्रकृतीला आपण एखाद्या जिवाच्या योग्यतेचे प्रमाणपत्र करून टाकतो. हा केवळ सामाजिक दोष नाही. सिद्धांताच्या दृष्टीने ते मिथ्यात्वच आहे, कारण येथे देहालाच आत्मा मानले जाते.

तिसरी पायरी आत्म्याची. आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’च्या अगदी आरंभी, तिसऱ्या गाथेत, ‘सुंदर’ हा शब्द आला आहे. अध्यात्मग्रंथाच्या उंबरठ्यावरच हा शब्द भेटावा, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. गाथेचा आशय असा : आपल्या एकत्वात निश्चित झालेला समय या लोकात सर्वत्र सुंदर आहे, म्हणून एकत्वात बंधाची कथा विसंवादी ठरते. टीकाकार अमृतचंद्राचार्य ‘समय’ शब्दाने येथे सर्व द्रव्ये घेतात. प्रत्येक द्रव्य आपल्या अनंत धर्मांसह स्वतःमध्ये राहते, दुसऱ्यात मिसळून आपले स्वरूप हरवत नाही, म्हणून ते शोभते. मर्ढेकरांनी घटकांच्या परस्परसंबंधांत संवाद आणि विरोध पाहिला. कुंदकुंदांना विसंवाद दिसतो तो स्वभाव सोडून परभावात रमण्यात. त्यापुढच्या गाथेत ते सांगतात की, काम, भोग आणि बंध यांची कथा सर्वांनी ऐकली आहे, अनुभवली आहे. केवळ या एकत्वाची प्राप्ती सुलभ नाही. सौंदर्य दूर आहे म्हणून दुर्लभ नाही. परिचय नाही म्हणून दुर्लभ आहे.

आता आरंभीचे दोन अर्थ जुळतात. द्रव्य स्वतःच्या एकत्वात पूर्ण आहे, त्याला सुंदर होण्यासाठी परवस्तूची अपेक्षा नाही. हा निरपेक्षतेचा पहिला अर्थ. आणि ते सौंदर्य दिसते कोणाला? ज्याच्या पाहण्यात काही मागणे उरले नाही त्याला, हा दुसरा. कांटने कलास्वादापुरती जी निरिच्छता सांगितली, तीच वीतरागतेत संपूर्ण जीवनाला व्यापून राहते. म्हणून वीतराग हा सौंदर्याचा शत्रू नव्हे. सौंदर्य पूर्णपणे पाहू शकणारा तोच एक होय.

कोणी विचारील, मग मंदिराची शोभा, प्रतिमेचे लावण्य हे सारे व्यर्थ काय? मुळीच नाही. व्यवहारनय टाकून निश्चयाचे बोट धरता येत नाही. आपल्यात कोणी प्रतिमेला आंगी रचतात, कोणी ती निराभरण ठेवतात, कोणी प्रतिमेवाचूनच सामायिक करतात. मार्ग निराळे, पण गंतव्य एकच. येथून जवळच, मावळात कामशेतनजीक पाले येथे डोंगरात एक साधेसुधे लेणे आहे. तेथील ब्राह्मी शिलालेख ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी प्रकाशात आणला. ‘अरहंत’ शब्द बौद्धही वापरीत असल्याने अभ्यासकांत मतभेद संभवतो; तथापि हा लेख सामान्यतः जैन परंपरेशी जोडला जातो आणि महाराष्ट्रातील अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. त्यात अरहंतांना नमस्कार आहे आणि लेणे व पाण्याची पोढी करविल्याची नोंद आहे. नक्षी नाही, स्तंभांची आरास नाही; बसायला सावली आणि प्यायला पाणी. मराठीत ‘लेणे’ म्हणजे अलंकारही. सह्याद्रीला एवढा एकच दागिना घालून ते दाते निघून गेले.

याउलट श्रवणबेळगोळची आख्यायिका आपण सर्व जाणता. चावुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस 57 फूट उंचीची गोमटेश्वराची भव्य मूर्ती उभारली. पायाशी मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी एक कोरलेला, त्यात त्याचे नाव. परंतु महामस्तकाभिषेकाच्या वेळी घागरीमागून घागरी ओतूनही दूध खाली उतरेना. ‘मी घडविले’ हा भाव आड आला होता. मग गुळ्ळकायज्जी नावाच्या वृद्धेने इवल्याशा फळाच्या कवचातून दूध घातले आणि बाहुबली नखशिखान्त न्हाले. मूर्ती तीच होती, दूधही तेच. अपेक्षा तेवढी गळाली होती.

पन्नास वर्षांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपल्या संस्थेपुढे माझी नम्र विनंती दोनच गोष्टींची आहे. परिचय पुस्तिकेतील वर्णाचा रकाना कायमचा काढून टाकावा. आणि पुढील वर्षीच्या पर्युषणात एक दिवस पवनेच्या काठासाठी द्यावा. सुबुद्धीसारखे गाळत राहण्याचे व्रत म्हणून, छायाचित्रासाठी नव्हे. संगमरवराची भर पुढेही पडेल, पडावी. पण शंभराव्या वर्षी येथे उभा राहणारा वक्ता या संस्थेला सुंदर म्हणेल तो या दोन गोष्टींमुळे म्हणेल, असा माझा विश्वास आहे.

माझ्या बोलण्यात जिनवाणीच्या विरुद्ध काही आले असल्यास, किंवा कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!