तंजावर प्रांतातील ग्रामनामांची कोडी



लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० साली शब्दकोडे छापण्यास आरंभ केला, आणि त्यातील कूटसूचना सोडविणे हे कित्येक इंग्रज वाचकांचे व्यसनच होऊन बसले. अशा सूचनेचा एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो. दुसरा भाग तीच अक्षरे शब्दांच्या खेळाने सिद्ध करावयास लावतो. ‘बैलांनी नदी उतरावी तेथील विद्यापीठ’ म्हटले की उत्तर ऑक्सफर्ड, कारण ‘ऑक्स’ म्हणजे बैल आणि ‘फोर्ड’ म्हणजे नदीचा उतार. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी येऊन मिळाल्या की उत्तराविषयी शंका उरत नाही.

कावेरीच्या खोऱ्यात अशी कोडी पावलोपावली आहेत. ती कोणी मुद्दाम रचलेली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्यांची उत्तरेही छापून येत नाहीत, एवढेच. येथील बहुतेक प्राचीन क्षेत्रांना दोन नावे आहेत: एक तमिळ आणि एक संस्कृत. संस्कृत नाव हे पुष्कळदा तमिळ नावाचे भाषांतर असते. म्हणजे कोणा पंडिताने ते कोडे सोडवून दिलेले उत्तरच होय. १६७६ ते १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांची गादी होती, त्यामुळे ही नावे मराठी वाचकालाही सर्वस्वी परकी नाहीत. मात्र त्याला उत्तर तेवढे ठाऊक असते, मूळ कोडे नव्हे.

काही उत्तरे निर्दोष आहेत. तिरुवैयारु या नावात ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. संस्कृतात ते पंचनद झाले. ‘पंजाब’ या फारसी शब्दाचा अर्थही हाच. तिरुविडैमरुदूरचे मध्यार्जुन झाले, तेव्हा मराठी माणसाला प्रथम पांडव आठवतो. परंतु तेथे धनुर्धराचा काही संबंध नाही. ‘इडै’ म्हणजे मधला आणि ‘मरुदु’ म्हणजे अर्जुनवृक्ष, ज्याला आपण अर्जुनसादडा म्हणतो. त्या देवळाचा स्थलवृक्षही मरुदुच आहे. दोन्ही वाटा जुळतात.

वेदारण्याची गोष्ट जरा निराळी. १९३० मध्ये राजगोपालाचारींनी मिठाचा सत्याग्रह केला तेच हे ठिकाण. त्याचे जुने नाव तिरुमरैक्काडु. ‘काडु’ म्हणजे रान आणि ‘मरै’ म्हणजे वेद. पण ‘मरै’ या धातूचा अर्थ लपणे, लपविणे असाही आहे. तमिळ कानाला त्या नावात वेदांबरोबर गूढतेचाही स्वर ऐकू येतो. संस्कृत नावात वेद राहिले, गूढता गळाली. भाषांतर चुकीचे म्हणता येत नाही, आणि तरी काही हरवले आहे. मयिलाडुतुरै, म्हणजे मोर नाचतो तो घाट, याचे तर मयूरम् आणि पुढे मायवरम् झाले. त्यात मोर ओळखूही येईना, आणि श्रोता माया व वर असे पद फोडू लागला. १९८२ मध्ये जुने तमिळ नाव अधिकृतपणे परत आले, तेव्हा मोरही परतला.

परंतु सर्वांत सुरस कोडे कुंभकोणमचे. ‘कुंभाचा कोण’ हा अर्थ मराठी माणसास इतका उघड वाटतो, की पुढे विचार करण्याचे त्याला कारणच दिसत नाही. जुन्या तमिळ भक्तिस्तोत्रांत मात्र या नगराचे नाव कुडमूक्कु असे येते. ‘कुडम्’ म्हणजे घडा, आणि दीर्घ ऊकाराचा ‘मूक्कु’ म्हणजे नाक. घड्याचे नाक, अर्थात त्याची तोटी. प्रलयकाळी अमृताचा कुंभ वाहत येथे आला व शिवाच्या बाणाने फुटला, ही स्थलकथा त्या नावाशी जुळते. संस्कृत ग्रंथांतून नगराचे नाव कुंभघोणम् असे आढळते, आणि संस्कृतात ‘घोणा’ म्हणजे नाक. (मराठीत ‘घोण’ म्हटल्यावर कानात शिरणारा किडा आठवतो, त्याला इलाज नाही.) पंडिताने कोडे अचूक सोडविले होते.

मग नाकाचा कोपरा कसा झाला? तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींना एकच अक्षर आहे. ‘घोणम्’ लिहिले काय नि ‘कोणम्’ लिहिले काय, कागदावर एकच आकृती उमटते. शिवाय तमिळमध्ये ऱ्हस्व उकाराचा ‘मुक्कु’ हा शब्द कोपऱ्यासाठी आहेच. जसे मराठीत नाक आणि नाका हे शब्द शेजारी बसतात. चुकीचे उत्तरही चौकटीत नेमके बसले. कोडे सोडविणाऱ्याची खरी फसगत अशाच ठिकाणी होते: उत्तर जुळत नाही तेव्हा तो पुन्हा शोधतो, जुळले की थांबतो.

तमिळ ग्रंथाचे मराठीत भाषांतर करणाऱ्यापुढे ही अडचण प्रत्यक्ष उभी राहते. तमिळ लेखकास निवड करावी लागत नाही; त्याचे एक अक्षर नाक आणि कोपरा दोन्ही सांभाळते. देवनागरीत मात्र ‘को’ किंवा ‘घो’ यांपैकी एक लिहावेच लागते. रेल्वे स्थानकावरील देवनागरी फलकाने ‘को’ पत्करला आहे. गावातील माणूस मात्र आजही बोलताना ‘कुंबगोणम्’ असेच म्हणतो.