शिट्टीखालची नळी



कुकर लावताना डाळ-तांदूळ आपण निगुतीनं धुतो.
शिट्टीखालची नळी मात्र पाहायची राहते.

झाकण लावण्याआधी
ते उजेडाकडे धरा.
नळीतून आरपार दिसलं पाहिजे.

डाळीला फेस येतो.
एखादं साल नळीत अडकतं,
आणि वाफेची वाट बंद होते.
म्हणून डाळीसाठी कुकर
निम्म्याच्या वर भरू नका.
थेंबभर तेल घाला.

पुन्हा सांगते,
आधी नळी पाहा, मग झाकण लावा.

शिट्टी होतच नसेल,
तर गॅस बंद करा.
आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास तापलेलं असतं.
झाकणाशी झटापट अजिबात नको.
वाफ आपोआप जिरू द्या.

रबरी रिंग रोज काढून धुवा.
ताठ झाली, चिरली,
की लगेच बदला.
सेफ्टी व्हॉल्व्ह गेला,
तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बसवा.